फसव्या बदकांचं मोल

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

१९८५ सालची गोष्ट. मी तेव्हा शाळेत होतो आणि पोस्टाची तिकिटं जमवायचा नाद लागला होता. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांचा मुलगा अमेरिकेत होता. त्याचं पत्र आलं की डॉक्टरीणबाई पाकिटाचा कोपरा कापून माझ्यासाठी ठेवायच्या. एकदा अशाच कोपऱ्यावर बावीस-बावीस सेंटची दोन तिकिटं आली. दोन्हींवर बदकं, एक हिरव्या डोक्याचं, एक तांबूस डोक्याचं. मोठी देखणी. मी ती लगेच वहीत पक्ष्यांच्या पानावर लावून टाकली. काही दिवसांनी भिंग घेऊन बसलो तेव्हा दिसलं, की बदकाच्या नावापुढे आणखी एक शब्द आहे : डिकॉय. शब्दकोशात अर्थ मिळाला. भुलवून जाळ्यात ओढण्यासाठी ठेवलेलं आमिष. आणि त्याच तिकिटावर छापलं होतं, 'लोककला'. ती बदकं लाकडाची होती. आकाशातून उतरणारं पाखरू जसं फसतं, तसाच मीही फसलो होतो.

तिकिटं मी पक्ष्यांच्या पानावरून काढली. पण कुठल्या पानावर लावावीत ते कळेना. फसवण्यासाठी, खरं सांगायचं तर मारण्यासाठी केलेली वस्तू. तिला कला कशी म्हणायची? हा प्रश्न मनात राहिला. पुढे वाचन वाढलं तसं त्याचं उत्तर थोडं थोडं सापडत गेलं. तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

पक्ष्याला पक्षी दाखवून बोलावण्याची युक्ती जगात सगळीकडे जुनी आहे. आपल्याकडे फासेपारधी पाळलेला तित्तर पिंजऱ्यात घालून माळावर नेत. त्याने साद घातली की रानातले तित्तर ते आव्हान समजून जवळ येत आणि भोवती मांडलेल्या फाशांत अडकत. इंग्रजीतला 'डिकॉय' हा शब्द डच भाषेतून आला असं मानतात. त्या भाषेत 'कोय' म्हणजे पिंजरा. हॉलंडमध्ये तळ्याच्या कडेला जाळीने झाकलेले निमुळते चर काढत आणि माणसाळलेल्या बदकांच्या मागोमाग रानबदकं त्यात शिरत. या दोन्ही ठिकाणी आमिष जिवंत आहे. गवताचं किंवा लाकडाचं खोटं बदक करून पाण्यात सोडायची कला मात्र वाढली ती उत्तर अमेरिकेत. आणि तिची सुरुवात गोऱ्या माणसाने केलेली नाही.

१९२४ साली नेवाडा राज्यातल्या लव्हलॉक नावाच्या गुहेत उत्खनन झालं. तिथे जमिनीखाली जपून पुरून ठेवलेली अकरा बदकं निघाली. लव्हाळ्यासारख्या पाणगवताच्या जुड्या वळून, बांधून केलेली. आठ रंगवून, पिसं लावून पुरी झालेली, तीन अर्धवट. वय सुमारे दोन हजार वर्षं. ती कॅनव्हासबॅक नावाच्या बदकाची प्रतिकृती आहे हे आजही पाहताक्षणी कळतं. कुणीतरी पुढच्या हंगामासाठी ती नीट ठेवून गेलं असावं. त्या भागातल्या मूळ रहिवाशांनी ही विद्या टिकवली, आणि १९९५ साली नेवाडा राज्याने या गवती बदकाला आपली अधिकृत पुरावस्तू म्हणून मान दिला.

युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी ही कल्पना उचलली आणि गवताच्या जागी लाकूड घेतलं. ते टिकतं, दरवर्षी नवं करावं लागत नाही.

आता ही युक्ती चालते कशी? बदक हा कळपात राहणारा प्राणी. वरून उडताना खाली पाण्यावर आपले भाऊबंद निवांत बसलेले दिसले, की त्याचे दोन अर्थ होतात : इथे खायला आहे आणि इथे भीती नाही. म्हणून कारागिराला नुसतं बदक करून भागत नाही, बिनधास्त बदक करावं लागतं. मान ताठ उभी केलेलं बदक म्हणजे धोक्याचा इशारा. ते पाहून थवा वळतो. मान खांद्यात घेतलेलं, चरणारं, पिसं साफ करणारं, चोच पाठीत खुपसून झोपलेलं बदक थव्याला खाली बोलावतं. ही निवांतपणाची मुद्रा लाकडात आणायची, तर आधी जिवंत बदकाकडे तासन् तास पाहायला हवं.

करण्याची रीत साधी होती. सीडर किंवा पाइनचा ओंडका कुऱ्हाडीने ढोबळ तासायचा, मग दोन्ही हातांनी ओढायच्या सुरीने अंग गोल करायचं, कानस मारायची. डोकं वेगळं कोरून मानेपाशी बसवायचं. बुडाला शिशाचं वजन लावायचं, म्हणजे लाटेने उलटलं तरी बदक पुन्हा सरळ होईल. पुढे दोरी आणि नांगर. रंग घराचे नाहीतर होडीचेच, पण चकाकी नसलेले. कारण रंग उन्हात चमकला की पाखरू बिचकतं.

पाणी बदललं की बदकही बदलायचं. मेन राज्याच्या खवळत्या समुद्रासाठी जड, रुंद बुडाचं. न्यू जर्सीच्या खाजणांत शिकारी लहान होडीतून जात, त्यांना ओझं नको. तिथे दोन अर्धी आतून पोखरून जोडलेलं हलकं बदक. इलिनॉय नदीच्या संथ पाण्यावर रंगकाम नाजूक. ओल्या रंगावरून कंगवा फिरवून पिसांच्या रेघा काढलेल्या. तिथल्या रॉबर्ट एलिस्टन आणि चार्ल्स पर्ड्यू या नामांकित कारागिरांची कितीतरी बदकं त्यांच्या बायकांनी रंगवलेली आहेत, हे मुद्दाम सांगायला हवं. किनाऱ्यावरच्या पाणपक्ष्यांसाठी तर बूडच नाही. काठीवर बसवलेला पक्षी वाळूत रोवायचा. जाणकार माणूस बदक हातात घेऊन ते कुठल्या खाडीचं आहे हे सांगतो, जसं आपल्याकडे लुगड्याच्या काठावरून गाव सांगणारी माणसं होती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे आली, बर्फ आला आणि शिकारीचा बाजार झाला. चेसापीक उपसागरातली कॅनव्हासबॅक बदकं बाल्टिमोर, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कच्या हॉटेलांत मानाचं पक्वान्न झाली. शिकारी पाण्याच्या पातळीपर्यंत बुडवलेल्या पेटीत उताणा पडून राहायचा, भोवती शेकडो लाकडी बदकं तरंगत असायची. काही बंदुका एवढ्या मोठ्या की खांद्याला लावता येत नसत, होडीवरच बसवाव्या लागत. बदकांची मागणी वाढली तसे कारखानेही निघाले. डेट्रॉइटचा मेसन कारखाना १८९६ ते १९२४ या काळात चालला. तिथे अंग यंत्रावर घडवत आणि रंग मात्र हाताने देत.

याचा शेवट काय होणार हे उघड होतं. लॅब्राडोर बदकाचा शेवटचा खात्रीचा नमुना १८७५ सालचा आहे. ज्यांचे थवे आकाश झाकून टाकत, त्या पॅसेंजर कबुतरांतली शेवटची मादी १९१४ साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. तिचं नाव मार्था. मग कायदे आले. १९०० सालच्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेले पक्षी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्याला बंदी झाली आणि १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने बाजारी शिकारच संपवली. १९३५ साली जिवंत बदकं आमिष म्हणून वापरायलाही बंदी आली. हौसेची, परवान्याची शिकार राहिली. पण तिला शेकड्यांनी बदकं लागत नव्हती. पुढे कागदाच्या लगद्याची आणि प्लॅस्टिकची बदकं आली. हलकी, स्वस्त, एकसारखी. जुनी लाकडी बदकं कोठारात पडली. कित्येक शेगडीत गेली. वाळलेलं सीडर छान पेटतं.

इथे गोष्टीत एक माणूस येतो. जोएल बार्बर, न्यूयॉर्कचा वास्तुशिल्पी. ज्या वर्षी हा कायदा झाला त्याच वर्षी, म्हणजे १९१८ साली, लाँग आयलंडवर शिडांच्या एका कोठारात त्याला एक जुनं लाकडी बदक सापडलं. शिकाऱ्याला ते निकामी वाटलं असतं. बार्बर इमारतींच्या रेषा पाहणारा माणूस. त्याला त्या लाकडातली पाठीची रेषा दिसली. त्याने अशी बदकं जमवायला, त्यांची चित्रं काढायला आणि करणाऱ्यांची नावं विचारायला सुरुवात केली. १९३४ साली त्याचं पुस्तक निघालं. या विषयावरचं ते पहिलं मोठं पुस्तक. त्याचा संग्रह पुढे व्हरमाँट राज्यातल्या शेलबर्न संग्रहालयात गेला. तिथे आज अशी शेकडो बदकं आहेत. माझ्या वहीतली ती तिकिटं १९८५ च्या मार्च महिन्यात याच शेलबर्न गावी प्रकाशित झाली होती, हे मला फार उशिरा कळलं.

बार्बरने नावं विचारली, ही मला त्याची सगळ्यांत मोठी कामगिरी वाटते. कारण नाव विचारलं की पुढे माणूस उभा राहतो. टकरटनचा हॅरी शॉर्ड्‌स भिंती रंगवायचा. हॅवर डी ग्रेसचा मॅडिसन मिचेल अंत्यविधीची व्यवस्था पाहायचा. कनेक्टिकटचा शँग व्हीलर राजकारणात होता आणि त्याची बदकं विक्रीसाठी नव्हती. शिकारी, मच्छीमार, सुतार. यातल्या बहुतेकांनी स्वतःला कलावंत म्हटलेलं नाही.

मला जवळचे वाटतात ते मेरीलँडमधल्या क्रिसफील्ड गावचे वॉर्ड बंधू. मोठा स्टीव्ह, धाकटा लेम. बाप न्हावी, दोघे मुलगेही न्हावी. गिऱ्हाईक नसलं की दुकानाच्या मागे जाऊन लाकूड तासायचं. कोरणं बहुतेक स्टीव्हकडे, रंगवणं लेमकडे. जोएल बार्बर नुसता आडनावाने बार्बर. हे दोघे खरोखरचे! ते आपल्या मालावर स्वतःची ओळख अशी देत, की आम्ही 'लाकडात खोटे पक्षी पाडणारे' आहोत. जशी खोटी नाणी पाडतात तशी. आपण फसवणूक करतो हे त्यांनी लपवलं नाही. आणि स्टीव्ह कविता लिहायचा. त्याच्या एका कवितेत म्हातारं, कामातून गेलेलं लाकडी बदकच बोलतं. माझ्यासारख्याला तेवढं पुरे झालं. हजामत करता करता बदक कोरणारा आणि त्या बदकाच्या मनात शिरणारा कवी भेटल्यावर, लोककला कशाला म्हणतात हे आणखी कुणाला विचारावं? स्टीव्ह १९७६ साली वारला. लेमला १९८३ साली राष्ट्रीय पातळीवरचा लोककलेचा सन्मान मिळाला; पुढच्याच वर्षी तोही गेला.

आता पैशांचं बोलू, कारण संग्रहाची गोष्ट पैशांवाचून पुरी होत नाही. ही बदकं डझनाच्या भावाने विकली जात. १९७३ साली विल्यम मॅकी या मोठ्या संग्राहकाच्या पश्चात त्याच्या संग्रहाचा लिलाव झाला, तेव्हा कर्ल्यू नावाच्या लांब चोचीच्या एका लाकडी पक्ष्याला साडेदहा हजार डॉलर आले आणि लोकांनी तोंडात बोटं घातली. २००७ साली मॅसॅच्युसेट्सच्या एल्मर क्रॉवेलने केलेले दोन पक्षी खाजगी व्यवहारात प्रत्येकी ११ लाख ३० हजार डॉलरना गेले. एक झोपलेला हंस, कॅनडा गूज जातीचा. दुसरं, पिसं साफ करणारं तलवार बदक. क्रॉवेलने आयुष्याचा मोठा काळ शिकारीसाठी जिवंत बदकं आणि हंस पाळण्यात घालवला होता. झोपताना हंसाची मान कुठे वळते हे त्याला पुस्तकात पाहावं लागलं नाही. तलवार बदक तर आपल्या ओळखीचं आहे. थंडीत नांदूर मधमेश्वरला, जायकवाडीला जे उतरतं, ते याच जातीचं.

एवढी किंमत आली की खोटेपणाही येतो. खोट्या बदकाचंही खोटं बदक! म्हणून जाणकार काही गोष्टी बारकाईने पाहतात. पहिली म्हणजे मूळ रंग. शिकारी दर एक-दोन हंगामांनी बदक पुन्हा रंगवायचा. त्यामुळे कारागिराच्या हातचा पहिला रंग शाबूत असणं दुर्मीळ, आणि किंमत त्याचीच. हौसेने नवा रंग देऊन 'सुधारलेलं' बदक म्हणजे बिघडवलेलं बदक. दुसरी गोष्ट बूड. वजन, दोरीचा खिळा, मालकाच्या नावाचा डाग. कारागिराचा शिक्का असेल तर त्यावरून काळही काढता येतो. क्रॉवेलचे लंबगोल आणि चौकोनी शिक्के वेगवेगळ्या काळातले आहेत. तिसरी, झीज. खरी झीज असते ती मान धरून उचलताना हात लागतो तिथे, होडीत एकमेकांवर घासतात तिथे. नकली झीज सगळीकडे सारखीच असते. छर्ऱ्याची भोकं असली तर हरकत नाही, ती त्याच्या नोकरीची खूण. शंका आली तर क्ष-किरणांनी मान तपासतात. आत नवा खिळा असला तर दिसतो. नवशिक्या संग्राहकाला जुने लोक एकच सांगतात : विकत घेण्याआधी पुष्कळ बदकं हातात घ्या. डोळा फसतो, हात सहसा फसत नाही.

या संग्रहांत एक पक्षी असा आहे, की त्याच्यापाशी आल्यावर किंमत मनातून जाते. एस्किमो कर्ल्यू. बारीक, मातकट रंगाचा किनाऱ्यावरचा पक्षी. एके काळी त्याचे प्रचंड थवे होते. बाजारी शिकारीने आणि माळराने नांगराखाली गेल्याने ते संपले. त्याची खात्रीलायक शेवटची नोंद १९६३ सालची, बार्बाडोसमधली. तीही मारलेल्या पक्ष्याची. आता तो कुठे जिवंत असेल अशी आशा जवळजवळ उरलेली नाही. पण त्याला मारण्यासाठी केलेले लाकडी एस्किमो कर्ल्यू आहेत. वाळूत रोवलेल्या काठीवर बसून ते ज्यांना बोलवायचे, ते आता येत नाहीत. ज्या माणसाने तो लाकडी पक्षी कोरला, त्याच्याइतकं त्या पाखराला निरखून पाहिलेलं माणूस विरळाच असेल. आणि ते निरखणं मारण्यासाठी होतं. या दोन्ही गोष्टी एकाच लाकडात आहेत. एक काढून दुसरी ठेवता येत नाही. या कलेचं कौतुक करताना हे मी विसरू पाहत नाही, आणि तुम्हीही विसरू नका असं म्हणेन.

माझे मामू ठासणीची बंदूक चालवणाऱ्यांतले. थंडीत आमच्या खाडीवर जायचे. पुढे कायदा झाला, त्यांनी बंदूक ठेवून दिली. पण म्हातारपणी अंगणात बसून, आवाजावरून किंवा पंखांच्या फडफडीवरून कुठलं पाखरू वरून गेलं ते सांगायचे आणि बहुतेक बरोबर सांगायचे. तेव्हा मला ते नुसतं गंमतीचं वाटायचं. क्रॉवेलचा झोपलेला हंस पहिल्यांदा चित्रात पाहिला तेव्हा मामूंची आठवण झाली. त्यांची ती सगळी माहिती त्यांच्याबरोबर गेली. मी कवी असूनही त्यातली चार वाक्यं टिपून ठेवली नाहीत.

आणखी एक कबुली. आमच्या घरी शेवयांचा लाकडी साचा होता. ईदच्या आधी आठवडाभर तो ओसरीवर यायचा. फणसाच्या लाकडाचा, दांड्याच्या टोकाला कोरीव फूल. गावातल्याच कुठल्या सुताराने केलेला. बाजारात यंत्रावरच्या शेवया मिळू लागल्या, साचा माळ्यावर गेला आणि एका पावसाळ्यात सरपण ओलं होतं म्हणून न्हाणीघराच्या चुलीत गेला. त्या दिवशी मी घरात होतो. मला काहीच वाटलं नाही. आज ते फूल डोळ्यांसमोर येतं. शेवया पडायला त्या फुलाची काहीच गरज नव्हती. ते त्या सुताराने आपल्या मनाने केलं होतं. त्याचं नाव आमच्या घरात आता कुणालाच आठवत नाही.

लहानपणीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडलं. बदकं फसवायला जेवढं लागतं तेवढं काम ढोबळ, बेंगरूळ लाकडानेही होत असे; जुने शिकारीही ते कबूल करतात. त्यापुढचं सगळं, ती मानेची वळणं, ते कंगव्याने काढलेलं पीस, पाखरासाठी नव्हतं. ते कारागिराने स्वतःसाठी केलं. वस्तूचं काम संपलं तेव्हा एवढंच उरलं आणि तेच दिसू लागलं.

अमेरिकेतली लाकडी बदकं आपल्याला परवडणारी नाहीत आणि जमवायलाही हवीत असं नाही. पण जोएल बार्बरने जे केलं ते फुकट आहे. तुमच्या माळ्यावर, परसात, आजोळच्या कोठीत एखादं पाटलं, एखादा साचा, एखादं माप अजून असेल. ते खाली काढा, पुसा, उलटं करून पाहा. रंग देऊ नका. आणि घरात जे सगळ्यांत म्हातारं माणूस असेल त्याला विचारा, हे कुणी केलं? नाव मिळालं तर त्याच दिवशी लिहून ठेवा.

ती दोन तिकिटं माझ्याकडे अजून आहेत. ती पुन्हा पक्ष्यांच्या पानावर लावायला मन धजावलं नाही. वहीच्या शेवटी एक कोरं पान होतं, तिथे ती लावली आहेत.